बारा सेंटिमीटर

न्हाणीघराच्या जाळीवर एकसष्ट, कंगव्यात चौतीस, टॉवेलला चिकटलेले बावीस आणि उशीवर नऊ. एकूण एकशे सव्वीस. मिथिलानं ते सगळे केस पांढऱ्या कागदावर दहा-दहाच्या ओळींत मांडले. शेवटच्या ओळीत सहाच भरले. भिंगाखाली पाहिलं तेव्हा त्यांतल्या एकशे अठरा केसांच्या एका टोकाला मोहरीच्या दाण्याहूनही कितीतरी लहान, पांढरट गोळा होता. म्हणजे ते मुळासकट आले होते. उरलेले आठ मधूनच तुटलेले. तिनं वहीत तारीख घातली, रविवार १४ ऑगस्ट, आणि आकडे लिहून काढले.

"झाली का हजेरी?" तिच्या नवऱ्यानं, रणजितनं दारातून विचारलं. त्याच्या हातात चहाचे दोन कप होते.

"एकशे सव्वीस गैरहजर."

"जानेवारीत?"

"दोनशे एक्केचाळीस."

रणजितनं कप ठेवला आणि तिच्या भांगाकडे पाहणं टाळलं. हे टाळणं आता त्याच्या अंगवळणी पडलं होतं, आणि ते आपल्याला कळतं हे तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं. भांग दोन बोटं रुंद झाला होता. डोक्याच्या माथ्यावर, उजव्या अंगाला, हातावरच्या घड्याळाच्या तबकडीएवढी जागा जवळजवळ उघडी पडली होती. कारखान्यात जाताना ती त्या जागेवर केसांचा एक लहानसा तुकडा चिमट्यांनी बसवायची. तो तिच्या वडिलांनी बनवून दिला होता, आणि इतका बेमालूम होता की प्रयोगशाळेतल्या कुणालाही कधी शंका आली नव्हती.

मिथिला एकोणतीस वर्षांची होती. सांगलीजवळच्या एका साखर कारखान्यात ती रसायनज्ञ होती. उसाच्या रसात साखर किती, मळीत किती निसटली, हे दिवसभर मोजायचं तिचं काम. एम.एस्सी.साठी पुण्याला असताना प्रकल्पाच्या ताणात तिच्या हाती व्हेप आलं. बंदी येऊन वीस वर्षं होत आली, तरी कॉलेजाच्या आसपास ते मिळायचंच. दिसायला रंगीत हायलायटर पेन, आत निकोटिनचं गोड द्रावण. तिचा स्वाद पेरूचा होता. बापू, म्हणजे तिचे वडील, वसतिगृहावर भेटायला आले की खोलीत पेरूचा वास दरवळत असायचा. पोरीला पेरू आवडतात असं समजून त्यांनी, वसतिगृह सुटल्यावरही, एकूण पाच वर्षं दर भेटीला दोन किलो पेरू आणले. यंदा संक्रांतीला तिनं आणि रणजितनं मिळून व्हेप सोडलं आणि बापूंना सगळं खरं सांगितलं, तेव्हा त्यांनी आणलेल्या पेरूंच्या पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजी तो पेरू न्हवताच?"

केसाचं मूळ हा शरीरातला फार राबणारा अवयव आहे. त्यातल्या पेशी जवळजवळ अखंड विभागत असतात आणि त्यांना लागणारं सगळं रक्तवाहिन्यांच्या एका लहानशा जाळ्यातून येतं. निकोटिन त्या वाहिन्या आकसवतं. त्यात वाफेतल्या इतर रसायनांनी पेशींवर ताण येतो. उपाशी राहिलेलं मूळ वाढ थांबवून मुदतीआधीच विश्रांतीला जातं आणि तीनेक महिन्यांनी केस गळतो. प्रत्येक व्हेप ओढणाऱ्याचं असं होत नाही. आनुवंशिकता असते, रक्तातलं लोह असतं, थायरॉइड असतं. मिथिलाच्या बाकीच्या सगळ्या तपासण्या मात्र ठीक निघाल्या होत्या. व्हेप सोडल्यापासून गळती निम्म्यावर आली होती. पण उघड्या पडलेल्या जागेतली मुळं इतकी आकसली होती की ती आपणहून परतणार नव्हती.

त्यावरही आता उपाय होता. पुण्यातल्या एका केंद्रात कानामागच्या त्वचेतून केसमुळांच्या मोजक्या पेशी काढत, त्या काचेच्या बशीत वाढवत आणि उघड्या जागेत सोडत. दहांतल्या सात जणांना वर्षाच्या आत केस येत. अट एकच होती. सोडलेल्या पेशींना पहिल्या काही महिन्यांत स्वतःभोवती नव्या रक्तवाहिन्या उभ्या कराव्या लागतात, आणि निकोटिन असलं की त्या उभ्या राहत नाहीत. म्हणून आधीचे सहा महिने निकोटिनमुक्त असल्याचा पुरावा द्यायचा. पुरावा तोंडी चालत नव्हता, केसाचा लागायचा. या हंगामात अकरा जागा होत्या. मिथिलाचं नाव नववं होतं.

---

नमुना घ्यायचं साहित्य टपालानं आलं होतं. घरातल्या कुणीही नमुना घेतला तरी चालेल असं पत्रकात लिहिलं होतं, आणि हे काम कुणाचं याबद्दल मिथिलाच्या मनात शंकाच नव्हती. त्याच रविवारी दुपारी ती गावभागातल्या बापूंच्या दुकानात गेली.

शामराव संकपाळ, वय वर्षं अडुसष्ट. टोप आणि गंगावन बनवणारे. सांगलीत नाटक उभं राहिलं की त्यातल्या राजाचे, राणीचे आणि जटाधारी ऋषींचे केस बापूंच्या दुकानातून जात. गेल्या तीन वर्षांत मात्र त्यांचं गिऱ्हाईक बदललं होतं. केशवाचक नावाचं यंत्र निघालं आणि केसावरून माणसाच्या सवयी वाचता येऊ लागल्या. मग विमा कंपन्या केस मागायला लागल्या, नोकरी देणारे मागायला लागले, आणि लग्नाच्या बैठकीत पत्रिकेच्या जोडीनं केसाचा अहवाल पुढे येऊ लागला. ज्यांना काही लपवायचं होतं त्यांनी डोकी भादरली. भादरलेलं डोकं दिसलं की लोक संशय घेतात, म्हणून ते बापूंकडे टोप घ्यायला येत.

"पूर्वी माझं टोप नटाला लागायचं," बापू म्हणाले. "आता नवरदेवाला लागतंय. बस, पाठ कर इकडं."

मिथिला स्टुलावर पाठमोरी बसली आणि पत्रक वाचू लागली. "पेन्सिलीच्या शिशाइतक्या जाडीच्या दोन बटा घ्याव्यात. टाळूच्या अगदी जवळून कापाव्यात."

"हितनं घेतो, मागनं. हितं दाटी हाय. कुणाला पत्ता लागायचा न्हाई."

"मुळापासून बारा सेंटिमीटर ठेवून पुढचा भाग टाकून द्यावा."

कात्री दोनदा वाजली. पट्टी ठेवल्याचा आवाज आला. कात्री पुन्हा वाजली.

"प्रत्येक बटेला सोबतचा धागा बांधावा. धागा..."

"अगं पोरी, पन्नास वर्षं केस बांधतोय. आता कागद शिकवणार व्हय मला? दे ती पाकिटं."

मिथिलानं हसत पत्रकाची घडी घातली. बापूंनी धाग्याचे तीन वेढे घेऊन गाठ मारली, दोन्ही बटा दोन पाकिटांत सरकवल्या आणि पाकिटं चिकटवली. एकावर पहिला आणि एकावर दुसरा नमुना असं छापलेलं होतं.

---

अहवाल मंगळवारी, २३ तारखेला आला. मिथिला तेव्हा प्रयोगशाळेत होती. तिनं फोन उघडला, आकडे वाचले आणि हातातली परीक्षानळी सावकाश स्टँडमध्ये ठेवली.

"अलीकडील वापर: आढळला. पात्रता: नाही."

खाली सहा आकडे होते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. मुळात तो तयार होत असताना रक्तात जे असेल त्याचा अंश त्याच्यात अडकतो, आणि एकदा केस त्वचेबाहेर आला की तो नोंदीसारखा तिथंच राहतो. टाळूजवळचा सेंटिमीटर म्हणजे गेला महिना, त्यापुढचा म्हणजे त्याआधीचा. केशवाचकात केसांचं एक टोक धरून ठेवतात. लेसरचा बारीक किरण तिथून पुढे सरकत केसाचे सूक्ष्म कण उडवतो आणि यंत्र त्या कणांतले रेणू ओळखतं. सहा महिन्यांची अट, म्हणून सहाच सेंटिमीटर वाचतात.

पहिला सेंटिमीटर ०.७१. मग ०.६६, ०.७४, ०.६९, ०.५८ आणि सहावा ०.०९. नॅनोग्रॅम प्रति मिलिग्रॅम. मिलिग्रॅममागे एक नॅनोग्रॅम म्हणजे किलोभर साखरेत मिलिग्रॅमभर मीठ, असा हिशोब मिथिलानं आपोआप मनात केला. मर्यादा ०.०५ होती.

तिनं केंद्रात फोन लावला. डॉ. शबाना बागवान तिथल्या प्रमुख होत्या, मूळच्या मिरजेच्या, आणि मिथिलाशी पहिल्यापासून मोकळेपणानं बोलायच्या.

"मॅडम, काहीतरी चुकलंय. मी जानेवारीपासून ओढलेलं नाही."

"मिथिला, मी तुमच्यावर चिडलेली नाही, हे आधी सांगते," डॉक्टर म्हणाल्या. "पण असे आलेख मी दर आठवड्याला बघते. सुरुवातीला माणूस निश्चयानं सोडतो. सहाव्या सेंटिमीटरला बघा, जवळजवळ काहीच नाही. मग हळूहळू परत सुरू होतं."

"कारखान्यात शेजारी कुणी ओढत असेल तर?"

"दुसऱ्याची वाफ केसावर बसली तर तिथं निकोटिन सापडेल. आम्ही कोटिनीन मोजतो. ते निकोटिनपासून यकृतात तयार होतं. दुसऱ्याचं यकृत तुमच्या केसात कसं येणार? तुम्ही स्वतः रसायनज्ञ आहात."

"मग आता?" मिथिलानं विचारलं.

"यादी शुक्रवारी संध्याकाळी पाचला बंद होते. तुमच्यामागे चाळीस जण आहेत. आणि एकदा अपात्र ठरलेल्याला तीन वर्षं घेता येत नाही, हा नियम माझा नाही."

तीन वर्षं. तोवर त्या तबकडीएवढ्या जागेतली मुळं पार मिटून गेली असती. मग कितीही पेशी सोडल्या तरी त्यांना धरून ठेवायला तिथं काही उरलं नसतं.

---

रणजित ठिबक सिंचनाची यंत्रं बसवायचा. तो संध्याकाळी मातीचे बूट दाराशी काढून आत आला, तेव्हा मिथिलानं फोन त्याच्यापुढे धरला. त्यानं अहवाल दोनदा वाचला.

"हे काय आहे?"

"मला माहीत नाही."

"यंत्र चुकलं म्हणतेस?"

"यंत्र चुकलं असतं तर आकडे वेडेवाकडे आले असते. हे सरळ रांगेत आहेत. चुकलंय ते दुसरीकडे कुठंतरी."

रणजित खाटेवर बसला. "मिथू, आपण दोघांनी एकत्र सोडलं. पहिले दोन आठवडे मी कसे काढले ते तू बघितलंयस. गोफणीतल्या दगडासारखा फिरत होतो घरात. मी फक्त एवढंच विचारतो. एकदाही नाही?"

मिथिलाला पटकन 'नाही' म्हणता आलं असतं. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. तेवढा वेळ त्याला पुरला.

"एकदा," ती म्हणाली. "वीस मेला. मंजिरीच्या लग्नात, नाशिकला. कार्यालयाच्या गच्चीवर. दोन झुरके."

"आणि सांगितलं नाहीस."

"लाज वाटली."

"मग हे पाच महिन्यांचं?"

"ते नाही."

"कसं मानू?" तो आवाज न चढवता म्हणाला, आणि तेच तिला जास्त लागलं. "आत्ता विचारलं नसतं तर हे दोन झुरकेही कळले नसते. एक लपतं तर बाकीचंही लपू शकतं. मला जागेचं, केसांचं काही वाटत नाही गं. टक्कल पडलं तरी मी हाच आहे. पण मी रोज सकाळी तुझ्याकडे बघून दिवस काढला. ती सोडू शकते तर मी पण, असं म्हणत."

जेवताना दोघं आमटीबद्दल बोलले. मीठ बरोबर होतं असं दोघांचंही मत पडलं.

---

कारखान्यात मिथिलाचा एक नेम होता. आकडा विचित्र आला की आधी यंत्राला दोष द्यायचा नाही आणि माणसालाही नाही. आधी नमुन्यामागे जायचं. तो कुणी घेतला, कशात घेतला, कुठं ठेवला, चिठ्ठी कुणी लावली. एकदा साखरेचा उतारा अचानक घसरला होता आणि मुख्य अभियंता गिरणीचे रूळ उघडायला निघाले होते. शेवटी निघालं असं की नमुन्याच्या दोन बादल्यांची, चिठ्ठ्या लावलेली झाकणं अदलाबदल झाली होती.

बुधवारी काम संपवून ती त्याच नेमानं बापूंच्या दुकानात गेली. बापूंना तिनं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, "तू ओढली न्हाईस म्हंजी न्हाईस," एवढंच म्हणाले आणि हातातलं काम चालू ठेवलं. लाकडी ठोकळ्यावर जाळी ताणलेली होती. डाव्या हातात केसांची जुडी, उजव्या हातात बारीक आकडी. आकडीनं जुडीतून एक केस ओढायचा, जाळीच्या घरातून काढून गाठ मारायची. पुढचा केस. एका टोपाला तीस-चाळीस हजार गाठी.

मिथिला ते लहानपणापासून पाहत आली होती. त्यामुळे तिनं ते आजवर कधी नीट पाहिलंच नव्हतं. आता ती क्रमानं पाहू लागली. जुडीचं बांधलेलं टोक बापूंच्या मुठीत होतं. केस सुटत होता तो मोकळ्या टोकाकडून.

"बापू, ही जुडी कुठल्या बाजूनं बांधलीय?"

"शेंड्याकडनं. आणि कुठनं बांधणार?"

"मुळाकडून का नाही?"

"मुळाकडनं बांधली तर आकडीला मूळ कसं गावायचं? गाठ मुळाकडं मारायची असती. तशी न्हाई मारली तर केस एकमेकांत अडकून टोपाचा पार झाडू होतो. माझ्या बापानं पहिल्याच दिवशी हातावर मारून शिकवलंय मला. धागा शेंड्याला, आकडी मुळाला."

"आणि माझ्या बटा?"

आकडी थांबली. बापूंनी जाळीकडे पाहिलं, मग स्वतःच्या डाव्या मुठीकडे.

"हात चालला तशी बांधली की," ते हळूच म्हणाले.

मिथिलानं पिशवीतून पत्रक काढलं. त्या दिवशी ती चौथ्या ओळीला थांबली होती. पाचवी ओळ अशी होती: 'धागा मुळाकडील टोकाला बांधावा. यंत्रात धाग्याचे टोक प्रथम जाते.'

तिनं पत्रकाच्या मागच्या बाजूला बारा घरं आखली. उजवीकडून डावीकडे, म्हणजे जुन्या महिन्यांकडून अलीकडे, अहवालातले सहा आकडे भरले. गेल्या वर्षीचा ऑगस्ट ते सप्टेंबर, ०.७१. मग ०.६६, ०.७४, ०.६९. डिसेंबर ते संक्रांत, ०.५८. संक्रांत ते फेब्रुवारी, ०.०९. सगळे केस एकाच वेगानं वाढत नाहीत, त्यामुळे सोडल्यानंतरच्या घरांतही जुन्याचा थोडा अंश रेंगाळतो. आकडे नेमके जिथं पडायला हवेत तिथं पडले होते. यंत्रानं व्हेप ओढण्याचे दिवस अगदी बरोबर वाचले होते. फक्त गेल्या वर्षीचे.

"म्हंजी माझ्या हातानं तुझं नाव गेलं," बापू म्हणाले. त्यांनी आकडी खाली ठेवली होती.

"नाही बापू. तुमच्या हातानं सापडलं." तिला एकदम हसू आलं आणि ते आवरेना. "मी दोन दिवस माझ्या यकृतावर संशय घेत होते."

"पण त्या डॉक्टरीणबाई मानतील का? कापल्या केसाला दोन्हीकडं सारखंच दिसतं. तुझ्या त्या गळलेल्या केसांगत गोळा नसतो त्याला."

"तुम्ही कसं ओळखता मग? गुंतलेले केस येतात तेव्हा?"

"हे काय, असं." बापूंनी एक केस चिमटीत धरला आणि अंगठा बोटावर मागंपुढं चोळला. केस जिवंत असल्यासारखा एका बाजूला सरकू लागला. "ज्या बाजूला पळतो तिकडं मूळ. उलटं धर, तरी मुळाकडंच पळणार."

मिथिलानं स्वतः करून पाहिलं. चार वेळा, चार वेगळे केस. केसावर कौलांसारखी खवल्यांची रचना असते आणि सगळ्या खवल्यांच्या मोकळ्या कडा शेंड्याकडे असतात, हे तिनं पुस्तकात वाचलं होतं. एका दिशेनं केस घसरतो, उलट दिशेनं कौलं अडतात. तिनं पुस्तकात वाचलेलं बापूंच्या बोटांना पन्नास वर्षं माहीत होतं.

---

"शुक्रवारी पुण्याला येतोस?" तिनं घरी येऊन विचारलं आणि बारा घरांचा कागद रणजितपुढे ठेवला.

रणजितनं तो बराच वेळ पाहिला. "बसतंय खरं. पण तुला हवं तसं बसवलंय असं त्या म्हणतील."

"तू काय म्हणतोस?"

"मी गाडी चालवतो," तो म्हणाला. "मामांना पुढं बसव, त्यांचे गुडघे दुखतात." बापूंना तो मामा म्हणायचा.

शुक्रवारी सव्वाअकराला ते केंद्रात पोचले. डॉ. बागवान यांनी तिघांना खुर्च्या दिल्या, ऐकून घेतलं, आणि मग अवघडलेल्या चेहऱ्यानं म्हणाल्या, "मिथिला, तुम्ही नवा नमुना द्याल तर मला तो घेता येणार नाही, अगदी इथं समोर कापलात तरी; एका हंगामाला एकच नमुना, असा नियम आहे. घरून आणलेल्याचा तर प्रश्नच नाही. तुमच्या वडिलांचं दुकान टोपांचं आहे. तिथं शंभर बायकांचे केस असतील, त्यांतल्या निम्म्यांनी आयुष्यात कधी व्हेप पाहिलेलंही नसेल."

"नवा नको," मिथिला म्हणाली. "दुसरं पाकीट तुमच्याकडे आहे. चिकटवलेलं. तेच दुसऱ्या टोकानं वाचा."

"पण धाग्याचं टोक मुळाचं नाही हे मी कशावरून धरू?"

"बाई," बापू म्हणाले, "तुमचा एक केस द्या."

डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. मग कानामागून एक केस उपटला आणि त्याच्या मुळाचा गोळा बापूंना न दाखवता मुठीत धरून दिला. बापूंनी डोळे मिटले, केस चिमटीत घेतला, अंगठा चारदा चालवला. "हिकडं मूळ. आणि बाई, तेल लावत जा, फार कोरडा झालाय."

गोळा त्याच टोकाला होता. डॉक्टर हसल्या आणि उठल्या. "तेलाचं बघते. पण बोटांवर निकाल देता येत नाही मला. सूक्ष्मदर्शकावर देता येईल."

दुसरं पाकीट त्यांनी सगळ्यांच्या समोर फोडलं. बटेतला एक केस काचेवर ठेवला. पडद्यावर तो झाडाच्या खोडासारखा मोठा दिसू लागला, आणि त्याच्यावरचे खवले एकावर एक चढलेले. डॉक्टरांनी काच पुढं सरकवली, मागं सरकवली, दुसरा केस घेतला, तिसरा घेतला. तिन्ही केसांच्या खवल्यांच्या कडा धाग्याकडे तोंड करून होत्या.

"धागा शेंड्याला आहे," त्या म्हणाल्या. मग त्या खुर्चीत मागे रेलल्या. "पत्रकात हे ठळक अक्षरात छापायला हवं."

"पाचव्या ओळीत आहे," मिथिला म्हणाली. "मी चारच वाचल्या."

"मीच वाचू दिलं न्हाई," बापू म्हणाले.

डॉक्टरांनी बट उलटी करून यंत्रात लावायला सांगितली. तेव्हा मिथिला म्हणाली, "मॅडम, सुरू करण्याआधी एक सांगायचंय. तिसऱ्या सेंटिमीटरमध्ये थोडं सापडेल. वीस मेला मी दोन झुरके घेतले होते."

डॉक्टरांनी हातानंच थांबायची खूण केली.

"हे तुम्ही सांगितलं नसतंत तरी चाललं असतं, कदाचित," डॉक्टर म्हणाल्या. "मर्यादेखाली असेल तर आम्ही विचारत नाही. वर असेल तर मला काही करता येणार नाही. सहांपैकी एकही सेंटिमीटर ०.०५ च्या वर गेला तर जागा जाते."

"माहीत आहे. पण तिसऱ्यातच सापडलं तर बट सरळ लागलीय हे तुम्हाला आपोआप कळेल."

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि कागदावर लिहून घेतलं: तिसरा, मे.

यंत्राला चाळीस मिनिटं लागणार होती. तिघं बाहेरच्या बाकावर बसले. बापू चहा आणतो म्हणून उठले आणि बराच वेळ आले नाहीत.

"फेब्रुवारीत," रणजित समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाला, "तासगावच्या एका शेतात मोटर जळली होती. मालक ओरडत होता. त्याचा मुलगा ओढत होता. मी मागून घेतलं."

"किती?"

"तीन झुरके."

मिथिला त्याच्याकडे वळली.

"माझे केस अडीच सेंटिमीटर," तो म्हणाला. "माझा सगळा इतिहास सलूनवाल्यानं झाडून टाकला. तुझा बारा सेंटिमीटर लांब होता म्हणून तू सापडलीस. मंगळवारी हे सांगायला हवं होतं मी."

"मग का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली."

ती हसायला लागली. त्यानंही मान खाली घालून हसायला सुरुवात केली आणि दोघांचे खांदे हलू लागले. चहाचे तीन कागदी पेले सांभाळत आलेले बापू थबकले.

"काय झालं?"

"काही नाही मामा. हजेरी चालू आहे."

"चालू द्या पाव्हणं," बापू म्हणाले आणि पेला त्याच्या हातात देऊन मध्ये जागा करून बसले.

एक वाजून दहा मिनिटांनी दार उघडलं. डॉ. बागवान यांनी छापलेला कागद मिथिलाच्या हातात दिला. तिघांनीही त्याच्यावर मान वाकवली.

नमुना क्र. २. मुळापासून शेंड्याकडे. कोटिनीन, नॅनोग्रॅम प्रति मिलिग्रॅम.
पहिला सेंटिमीटर: आढळले नाही.
दुसरा: आढळले नाही.
तिसरा: ०.०२.
चौथा: आढळले नाही.
पाचवा: आढळले नाही.
सहावा: ०.०१.